टेपलाही लागते आवर्तन

राजूरच्या माणसाला आवर्तन समजावून सांगावे लागत नाही. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, तेव्हापासून साठा एक आणि मागणारे अनेक, हा हिशेब या भागात चालू आहे. (धरणाशेजारच्या वाड्यांनी उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावे, हे दुखणे वेगळेच.) मोठ्या संगणकांच्या जगातही असाच हिशेब असतो, चुंबकीय टेपचा.

टेप म्हटले की गाण्यांची कॅसेट आठवते. पण टेप गेलेली नाही. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ या तळहाताएवढ्या कॅसेटमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते. कपाटात ठेवल्यावर तिला वीज लागत नाही आणि संगणकातला बिघाड तिथवर पोहोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसला आणि देशभरातल्या संशोधकांची गणिते तिथे येऊ लागली. तेव्हा यंत्र एक, वापरणारे अनेक. पुढे बँका-विमा कंपन्यांत एकाच छताखाली अनेक मेनफ्रेम आले, आणि त्यांना टेपचा साठा मात्र एकच.

यात वाटायच्या गोष्टी दोन. पहिली, टेप वाचणारे-लिहिणारे ड्राइव्ह. ते महाग, म्हणून मोजकेच. पूर्वी प्रत्येक संगणकाला ठरावीक ड्राइव्ह जोडून दिलेले असत. महिनाअखेरीस एकाकडे रांग आणि दुसऱ्याचे ड्राइव्ह रिकामे! मग ऑपरेटर हाताने आज्ञा देऊन एकाकडून काढी, दुसऱ्याला देई. आता हे वाटप सॉफ्टवेअर करते. एक अडचण मात्र जुनीच: दोन कामांना प्रत्येकी दोन ड्राइव्ह हवेत, प्रत्येकाने एकेक धरून ठेवला, तर दोघेही अडकतात. म्हणून काही पद्धतींत सगळे ड्राइव्ह एकदम मिळाल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द टेप. इथे चूक जास्त महागात पडते. रक्त साठवण केंद्राच्या फ्रिजमध्ये एखाद्या बाळंतिणीसाठी क्रॉसमॅच करून, तिचे नाव लावून ठेवलेली पिशवी दुसऱ्याला देऊन चालत नाही. टेपलाही तसाच क्रमांक असतो, बाहेर चिकटवलेला आणि टेपच्या सुरुवातीला नोंदलेलाही. पण प्रत्येक संगणकाची वही वेगळी असेल, तर पहिल्याची भरलेली टेप दुसऱ्याच्या वहीत दिसतच नाही. ती कोरी समजून त्याने लिहायला घेतली, की जुने गेले. त्या टेपवर दहा वर्षांपूर्वीचा बायोप्सी रिपोर्ट असू शकतो.

म्हणून क्रमांकांच्या मालिका वाटून देतात. आपल्या मालिकेबाहेरची टेप समोर आली तर संगणकाने ती नाकारायची, किंवा फक्त वाचायची. कोऱ्या टेपांचे गठ्ठेही वेगळे ठेवायचे.

पण गठ्ठे वेगळे केले की एकाचा आधी संपतो. शेजारच्या गठ्ठ्यात शंभर कोऱ्या टेप पडून असतात आणि इकडे बॅकअप थांबलेला. उसनवारीची परवानगी कोणी द्यायची हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर रात्री दोन वाजता ऑपरेटर साहेबांचा फोन नंबर शोधत बसतो.