घरमालकाची गरज आणि भाडेकरूची अडचण

कुंडलिका नदीच्या एका काठी जुना जालना, दुसऱ्या काठी नवा जालना. दोन्हीकडे भाड्याच्या घरात राहणारी आपली माणसे आहेत, तशी पै-पै साठवून घर बांधून त्यातल्या दोन खोल्या भाड्याने दिलेलीही आहेत. त्यामुळे "मुलाचे लग्न ठरले, खोल्या रिकाम्या करा" हे वाक्य आपल्यापैकी काहींनी ऐकले आहे, काहींनी उच्चारलेही आहे. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही दोन्ही बाजू ऐकतो. एकाला वाटते, मालक म्हणाला की निघावेच लागते. दुसऱ्याला वाटते, वीस वर्षे राहिलो म्हणजे घर आपले झाले. दोन्ही समज चुकीचे आहेत.

मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा 1954 चा कायदा चाले. 31 मार्च 2000 पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. त्याच्या कलम 16 प्रमाणे स्वतःच्या राहण्यासाठी खरी व वाजवी गरज असेल तर मालक ताबा मागू शकतो. मात्र गरज सिद्ध झाली म्हणजे दावा जिंकला असे नव्हे. घर सोडावे लागल्यास भाडेकरूचे हाल जास्त, की न मिळाल्यास मालकाचे, हे कोर्ट तोलून पाहते. दुसरी जागा कोणाला मिळण्याजोगी आहे, हेही पाहते. भाडेकरूने नुसते "आम्ही कुठे जाणार?" म्हणून भागत नाही; जागा शोधली, मिळाली नाही, याचा पुरावा द्यावा. आणि घराच्या काही भागाने मालकाची गरज भागत असेल, तर तेवढ्याच भागाचा हुकूमनामा होऊ शकतो. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

आमच्या माहितीतील एका घरी असेच झाले, तेही कोर्टाबाहेर. भाडेकरूची मुलगी दहावीला, मालकाची सून यायची. पुढची खोली लगेच दिली, मागची परीक्षेनंतर. दोन्ही घरांत आजही जाणे-येणे आहे.

विद्यार्थी मित्रांनी एक लक्षात ठेवावे. अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्यास हे तोलणे लागू नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते. सही करण्यापूर्वी कागद वाचावा. भाड्याची पावती मागावी, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. शक्यतो भाडे खात्यातूनच द्यावे.

गरज सांगून कोर्टामार्फत ताबा घेतला आणि महिन्याभरात मालक राहायलाच आला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिले, तर कलम 17 प्रमाणे जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून घर परत मागू शकतो.