रेडिओ डिजिटल घ्या, पण वादळात बोलेल असा मांडा

मे महिन्याच्या अखेरची एखादी संध्याकाळ आठवा. पश्चिमेला ढग काळे होतात, वारा सुटतो, अंगणातला कडबा झाकायची घाई होते आणि नेमकी त्याच वेळी लाइट जाते. टीव्ही बंद. थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही जाते. आता पुढे काय येणार आहे, गारा की नुसता वारा, हे सांगायला घरात कोण उरले? फार तर माळ्यावर धूळ खात पडलेला जुना रेडिओ. आणि त्यात सेल नसतात!

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलची यंत्रणा कोलमडली आणि कित्येक गावांत पुढचे काही दिवस ना वीज ना फोन अशी अवस्था होती. घरात डिजिटल रेडिओ आणू म्हणणाऱ्याने हा दिवस डोळ्यांपुढे ठेवावा. आवाज स्वच्छ हवा हे खरेच, पण गरज असेल त्या दिवशी तो बोलला पाहिजे. आणि त्याच्या तारेतून वीज घरात यायला नको.

डिजिटल रेडिओ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक डिजिटल रेडिओ म्हणतात. त्यांचा घोळ करू नका.

पहिली, डीआरएम. आकाशवाणीने मध्यम लहरीसाठी स्वीकारलेली ही पद्धत. दिल्लीजवळून 2009 साली शॉर्टवेव्हवर तिची सुरुवात झाली. पुढे देशभरात मध्यम लहरीचे तीसहून अधिक डिजिटल प्रक्षेपक बसले. त्यासाठी डीआरएमचा सेट लागतो. काही नव्या मोटारींतही तो बसवलेला येतो. जुन्या रेडिओवर हे स्टेशन लावले तर चाळणीतून धान्य पडावे तसा नुसता सरसर आवाज येतो. सेट बिघडला असे समजून तो दुरुस्तीला टाकू नका.

दुसरी, छत्री. डीडी फ्री डिशच्या बॉक्सवर दूरदर्शनबरोबर आकाशवाणीचीही बरीच केंद्रे लागतात. रिमोटवर रेडिओची कळ असते, ती अनेक घरांत कधी दाबलेलीच नसते. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली आणि तिला महिन्याचे भाडे नाही.

तिसरी, मोबाइल. आकाशवाणीचे न्यूज ऑन एआयआर हे ॲप घेतले की परभणीत बसून सांगली ऐकता येते. सेकंदाला 64 किलोबिट दराने ऐकले तर तासाला साधारण 29 एमबी डेटा जातो.

तिन्हींचा एक गुण सारखा आहे आणि तोच त्यांचा दोषही. जुना रेडिओ खरखरत, घोगऱ्या आवाजात का होईना, पण बोलत राहतो. डिजिटलचे तसे नाही. तो एक तर स्वच्छ बोलतो, नाही तर एकदम मुका होतो. मधले काही नाही.

आता हिशेब करा. जोराचा पाऊस लागला की छत्रीचा सिग्नल तुटतो. टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइल गप्प. डीआरएमचा सेट सेलवर चालणारा असेल आणि गावात सिग्नल पक्का असेल तरच बोलेल. म्हणून पहिली गोष्ट अशी, की डिजिटल आणले म्हणून जुना सेलचा रेडिओ भंगारात देऊ नका.

विकत घेण्याआधी

आधी आपल्या गावात काय पोचते ते पाहा, मग पैसे काढा. जवळच्या आकाशवाणी केंद्राला फोन करून तीन गोष्टी विचारा: मध्यम लहर सध्या चालू आहे का, त्यावर डिजिटल प्रक्षेपण किती वाजता असते आणि एफएमचे प्रक्षेपण कुठून होते. काही ठिकाणचे मध्यम लहरीचे प्रक्षेपण बंद झाले आहे, म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या माहितीवर जाऊ नका. दुकानदाराला सांगा, सेट गावात आणून वाजवून दाखव. दुकानात वाजला म्हणजे वाडीवर वाजेलच असे नाही.

दुसरा धोका पाहुण्यांचा! लंडनहून किंवा ऑस्ट्रेलियातून आलेला भाचा हौसेने डिजिटल रेडिओ आणतो. त्यावर डॅब असे लिहिलेले असते. ती पद्धत वेगळी. आपल्याकडे डॅबची नियमित सेवा नाही, त्यामुळे तो सेट इथे फक्त एफएमपुरता उपयोगी. भाच्याचे मन मोडू नका, पण खोक्यावर डीआरएम लिहिले आहे का तेवढे पाहा.

सेट घेताना तो सेलवर किंवा चार्जिंगवर किती तास चालतो ते विचारा. डीआरएमचा सेट साध्या रेडिओपेक्षा जास्त वीज खातो. आपत्तीच्या वेळी इशाऱ्याच्या कार्यक्रमावर सेट आपोआप जाईल अशी सोय डीआरएम पद्धतीत आहे. घेतलेल्या सेटमध्ये ती आहे का, तेही विचारून घ्या.

सेट कुठे ठेवावा?

मध्यम लहरीची एरियल सेटच्या पोटात असते, एक काळी फेराईटची कांडी. बाहेर ओढायची चकचकीत काठी सहसा एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. म्हणून मध्यम लहर लागत नसेल तर काठी ओढत बसू नका. सेटच आडवा फिरवून पाहा. एका दिशेला सिग्नल भरतो, काटकोनात फिरवला की पडतो. जिथे पट्टी सर्वांत भरलेली दिसेल तिथे फळीवर खडूने खूण करा. स्टेशन लावल्यावर चार-पाच सेकंद थांबा. डिजिटल सेटला सिग्नल जुळवायला तेवढा वेळ लागतो.

पत्र्याच्या खोलीत किंवा लोखंडी सळयांच्या स्लॅबखाली मध्यम लहर कमी पोचते. खिडकीजवळची जागा बरी. आणि घरातल्याच वस्तू सिग्नल खातात. स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर हे सगळे मध्यम लहरीत कचरा सोडतात. एकेक बंद करून पाहा. डुकरांसाठी लावलेले झटका मशीन तर टक्‌ टक्‌ करून छळते. साध्या रेडिओवर ती टकटक ऐकू येते, डिजिटलवर आवाजच तुटतो. कुंपणाच्या तारेला गवत लागले असेल, इन्सुलेटर फुटला असेल तर ठिणगी पडते आणि त्रास वाढतो. तार साफ केली की रेडिओही सुधारतो आणि कुंपणही.

आणखी एक. डिजिटल आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. बातम्यांआधीच्या ठोक्यावर घड्याळ लावायची सवय असेल तर ती सोडा.

छत्री बसवताना जीव सांभाळा

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्वेला आहे. आपल्या महाराष्ट्रातून छत्रीचे तोंड आग्नेयेला आणि बरेच वर येते. त्या बाजूला आंब्याची फांदी नको, शेजाऱ्याची भिंत नको. बाकी दिशा मागेपुढे करून बॉक्सवरची सिग्नलची पट्टी पाहत जुळवायची.

पण दिशेपेक्षा जागा महत्त्वाची. छतावरून विजेची तार जात असेल तर तिथे छत्री, पाइप, काठी काहीही उभे करू नका. साधा नियम लक्षात ठेवा: पाइप कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेला शिवता कामा नये. लोखंडी शिडी नेताना तर दुप्पट काळजी घ्या. तारेवर प्लास्टिक दिसते म्हणून ती सुरक्षित समजू नका. काम एकट्याने करू नका. वारा किंवा पाऊस असताना तर मुळीच नको. “दोन मिनिटांचं काम आहे हो” म्हणून ओल्या पत्र्यावर चढणारा माणूस प्रत्येक गावात असतो. तो आपण होऊ नये.

छत्रीच्या पाइपाला अर्थिंग हवे. ते परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पंपाच्या स्टार्टरला किंवा नळाच्या पाइपाला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. घरात गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीसीबी, बसवलेला नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या.

विजा कडाडतात तेव्हा

अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. थेट पडलेली वीज कुणाचे ऐकत नाही. आभाळ भरू लागले की आधीच बॉक्सची पिन बोर्डातून काढा, छत्रीची केबल बॉक्सपासून सोडवून खिडकीपाशी दूर ठेवा. हे काम विजा सुरू होण्याआधीचे. कडकडाट सुरू झाल्यावर पिन काढायला धावू नका आणि त्या तारांना हात लावू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज जवळ आहे. शेतातून पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएमने केलेले दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, पण रेंज असेल तर.

अशा वेळी घरात ऐकायला सेलवरचा रेडिओ चांगला. त्याची कुठलीही तार बाहेर जात नाही. मोबाइलही नुसत्या बॅटरीवर असेल तर धोका नाही, चार्जिंगला लावलेला असेल तर आहे. काही मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असतो. त्याला डेटा लागत नाही, टॉवर लागत नाही, फक्त तारेचा हेडफोन लागतो, कारण ती तारच त्याची एरियल. ही सोय बंद करू नये असे केंद्र सरकारने 2023 मध्ये मोबाइल कंपन्यांना कळवले होते. तुमच्या फोनमध्ये आहे का, आजच पाहा.

सेल, चार्जर आणि कान

नव्या सेलबरोबर जुने सेल घालू नका. महिनाभर सेट वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, नाही तर ते पाझरून आतले पत्रे खातात. फुगलेली लिथियमची बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. सेट गोधडीवर, गवताच्या गंजीजवळ किंवा उन्हात चार्जिंगला लावू नका. ॲडॉप्टर त्याच व्होल्टेजचा हवा.

रात्री पाणी द्यायला जाताना किंवा जनावरांना हुसकायला रेडिओ मळ्यात न्यायची पद्धत जुनी आहे, चांगलीही आहे. पण कानात हेडफोन कोंबून ट्रॅक्टर चालवू नका, मळणी यंत्राजवळ उभे राहू नका. हाक ऐकू आली पाहिजे.

मोबाइलवाल्यांना एक वेगळी सूचना. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडू नका. रेडिओ ऐकायला बँकेचा खाते क्रमांक लागत नाही आणि ओटीपी तर नाहीच नाही. कुणी मागितला तर तो चोर समजा.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

रेडिओवरून गाव शहाणे करण्याचा प्रयोग आपल्याच मातीत झालेला आहे. 1956 साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळे उभी राहिली. माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि जमेल ते करून पाहत.

आज प्रत्येक घरात डीआरएम सेट येणार नाही, यायची गरजही नाही. पण ग्रामपंचायतीत एक सेट असायला काय हरकत आहे? पावसाळ्याच्या तोंडावर चार कामे करा. एक, पंचायतीत सेलवर चालणारा एक रेडिओ आणि नव्या सेलचा एक जादा जोड ठेवा. दोन, कुठले केंद्र कुठल्या आकड्यावर लागते ते भिंतीवर रंगवा. तीन, ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी रेडिओ कोण ऐकणार आणि वाडीवस्तीवर निरोप कोण नेणार, त्यांची नावे ठरवा. चार, शाळा आणि पंचायतीच्या छतावरच्या छत्र्यांचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

आणि मंडळी, तुमच्या घरासाठी एकच परीक्षा. या रविवारी घरचा मेन स्विच बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा आणि रेडिओ लावा. बातम्या ऐकू आल्या तर तुमची मांडणी पक्की. नाही आल्या तर काय दुरुस्त करायचे ते कोरड्या दिवशीच कळले, हेही काही कमी नाही.