दोन डॉक्टर, एक रोगी

श्रोतेहो, एकाच बैलाला एका पारख्याने चार दाती म्हणावे आणि दुसऱ्याने सहा दाती, तर बाजारात सौदा अडतो. पण अत्यवस्थ रोग्याच्या अंगी मुळात ताकद किती होती, याबद्दल दोन डॉक्टरांची मते निराळी पडली तर?

यासाठी कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक मोजपट्टी मांडली. तिला आधी ७ पायऱ्या होत्या, पुढे ९ झाल्या. पहिल्या पायरीवर धडधाकट माणूस. आठव्या पायरीवर सर्वस्वी परावलंबी. २०२० च्या कोविड साथीत, अतिदक्षता विभागात कोणाला न्यावे हे ठरवताना इंग्लंडमधील डॉक्टरांना ही पट्टी विचारात घ्यायला सांगितले होते. तेव्हा एका पायरीचा फरकही लहान नव्हे.

दोघांचे जमले ते खरेच की योगायोगाने, हे मोजण्याची रीत जेकब कोहेन यांनी १९६० साली दिली. ० म्हणजे निव्वळ योगायोग, १ म्हणजे पूर्ण एकमत.

मग मते फुटतात कुठे? अहो, खाटेवर निपचित पडलेला पैलवानही दुबळाच दिसायचा! म्हणून नियम असा, की आजची अवस्था धरायची नाही. दुखण्याच्या दोन आठवडे आधीची धरायची. आंघोळ आपली आपण करीत होता का? बाजारहाट करीत होता का? एक डॉक्टर हे विचारतो, दुसरा नुसता पाहतो.

आणि रोगी बेशुद्ध असला, तर उत्तर घरच्यांनीच द्यायचे. तेव्हा काळजीपोटी वाढवू नका, संकोचाने लपवू नका. होते तसे सांगा.