आरव्हीतल्या तीन टाक्या

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन निघालेले सगळे डोंगरदऱ्यांचे फोटो टाकतात. मी टाक्यांबद्दल लिहितो, कारण रोजचं आयुष्य त्यांच्याभोवतीच फिरतं. एक चांगल्या पाण्याची, दुसरी बेसिन-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची.

आमची पाण्याची टाकी १५० लिटरची, म्हणजे भरली की दीडशे किलोचं ओझं. चौघांना दोन दिवस जेमतेम पुरते. अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, मग परत नळ. बादली-तांब्यावर वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही! ताटं आधी टिश्यूने पुसायची, मगच विसळायची.

टाक्या रिकाम्या करायच्या त्या डंप स्टेशनवर. हातमोजे घालून आधी संडासाची टाकी सोडा, नंतर सांडपाण्याची; साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. मुक्कामात संडासाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि बाकीचा ऐवज तळाशी वाळून बसतो. हे आम्ही अनुभवाने शिकलो, तपशील विचारू नका.

विजेचं म्हणाल तर ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने जास्तीत जास्त ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्हमध्ये खिचडी ठेवली, वर गीझरही लावला, की अंधार.

फुकट मुक्काम हवा असेल तर पश्चिमेकडच्या राज्यांत बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या खात्याची सरकारी जमीन आहे. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं. नळ मात्र नाही, त्यामुळे टाकी भरूनच जा.