सीटीसी आणि हातात येणारा पगार

नियुक्तिपत्रातील ‘सीटीसी’ हा आकडा म्हणजे एका कर्मचाऱ्यापोटी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च असतो. त्याला बाराने भागून तेवढी रक्कम दरमहा खात्यात येईल असे मानणाऱ्याची पहिल्याच महिन्यात निराशा होते आणि तिचे खापर बहुधा प्राप्तिकरावर फुटते. मध्यम पगारांच्या बाबतीत हा आरोप बराचसा अन्यायाचा आहे.

पुण्यातील एखाद्या खासगी नोकरीत सीटीसी १६ लाख रुपये आणि त्यातील मूळ पगार ८ लाख रुपये आहे असे धरू. भविष्य निर्वाह निधीत मालकाने भरावयाचा मूळ पगाराच्या १२ टक्के हिस्सा, म्हणजे ९६,००० रुपये, आणि ग्रॅच्युइटीसाठीची ४.८१ टक्के तरतूद, म्हणजे ३८,४८० रुपये, या दोन्ही रकमा सीटीसीत मोजलेल्या असतात, पण पगारपत्रकात त्या येत नाहीत. ग्रॅच्युइटी तर सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे सेवा झाल्यावरच देय होत असल्याने, दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या दृष्टीने हा आकडा बव्हंशी कागदोपत्रीच राहतो. उरलेला ढोबळ पगार १४,६५,५२० रुपये.

करमोजणी इथून सुरू होते. नव्या करप्रणालीत पगारदारांना पुराव्याविना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट केल्यावर करपात्र उत्पन्न १३,९०,५२० रुपये राहते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनुसार पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर ५ टक्के, त्यापुढील चार लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांच्या टप्प्यात १५ टक्के कर लागतो. तो येथे ८८,५७८ रुपये होतो आणि त्यावर ४ टक्के उपकर धरता ९२,१२१ रुपये. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असते, तर करसवलतीमुळे हा सारा कर शून्य झाला असता.

याशिवाय कर्मचाऱ्याचा स्वतःचा निर्वाह निधीचा हिस्सा ९६,००० रुपये आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५०० रुपये कापला जातो. हा कर दरमहा २०० रुपये असतो आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा त्यामागील हेतू होता, हे आज अनेकांच्या गावीही नसते. अखेर हातात १२,७४,८९९ रुपये, म्हणजे दरमहा सुमारे १,०६,२४० रुपये येतात. सव्वातीन लाखांच्या तफावतीत दोन्ही करांचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. निर्वाह निधीचे दोन्ही हिस्से मात्र १,९२,००० रुपयांचे असून ते कर्मचाऱ्याच्याच नावे साठतात.

कंपनीने हा निधी मूळ पगाराऐवजी दरमहा १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर कापल्यास दोन्ही हिश्शांपोटी महिन्याला प्रत्येकी केवळ १,८०० रुपये जातात आणि हातातील रक्कम वाढते. म्हणून नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी मूळ पगार किती आणि निधी कशावर, हे दोन प्रश्न विचारावेत. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्याने आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला देणेही आवश्यक असते, कारण तो न दिल्यास दोन्हीकडे प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा स्वतंत्रपणे धरला जाऊन कपात अपुरी होते आणि उरलेला कर विवरणपत्र भरताना एकरकमी, प्रसंगी व्याजासह, भरावा लागतो.