मोटारसायकल घेण्याआधी



उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला की गट ऑफिसात दोन प्रश्न हमखास येतात. एक, "साहेब, आमची तोड कधी?" आणि दुसरा, "शंभर सीसीची गाडी घ्यायचीय, स्प्लेंडर घेऊ का शाईन?" पहिल्याचे उत्तर तोडणी कार्यक्रमात आहे. दुसऱ्यासाठी हा लेखप्रपंच.

नोंदणी-विमा धरून गाडी दारात यायला ऐंशी-नव्वद हजार लागतात. तोडणी-वाहतूक वजा जाता हा साधारण तीस टन उसाचा पैसा झाला, म्हणजे बेताच्या एकराचा अख्खा ऊस. काट्यावर आपण दहा किलोसाठी भांडतो, गाडी मात्र पाहुण्याने सांगितली म्हणून घेतो!

या दोन्ही गाड्या मुळात एकाच वाड्यातल्या. हिरो आणि होंडा १९८४ साली एकत्र आले, १९८५ साली सीडी-१०० आणि १९९४ साली स्प्लेंडर काढली. २०१० साली वाटणी ठरली, स्प्लेंडर हिरोच्या वाट्याला गेली. पुढे २०२३ साली होंडाने शाईन १०० आणली, ती थेट स्प्लेंडरच्या बांधाला लावून.

स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, शाईनचे ९८.९८. ताकदीत स्प्लेंडर अर्ध्या अश्वशक्तीने पुढे. पण शिवारात बघायची ती ओढ. ती दोघींची सारखीच, आठ न्यूटन मीटरच्या आसपास. फरक असा की शाईनला ती मिनिटाला ५००० फेऱ्यांवर मिळते, स्प्लेंडरला ६००० वर. म्हणजे मागे माणूस बसवून ट्रॉलीच्या चाकोरीतून हळू जाताना शाईन कमी कुरकुरते. उलट स्प्लेंडरची चाके १८ इंची, शाईनची १७ इंची. मोठे चाक खड्ड्यावरून सुखाने निघते. जमिनीपासूनची उंची १६५ आणि १६८ मिलिमीटर. त्यावर वाद घालू नये.

निफाड तालुक्यातले एक सभासद आमच्याबरोबर दोन्ही गाड्या चालवून बघायला आले. वय साठीचे, गुडघा दुखरा, आणि पाण्याची पाळी बहुधा रात्रीची. "साहेब, पाटचारीपाशी गाडी अडकली की मला एकट्याला काढावी लागती," हे त्यांचे म्हणणे. स्प्लेंडर ११२ किलोची, शाईन ९९ किलोची. तेरा किलोचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. काळ्या चिखलात, रात्री दोन वाजता, एकट्याला तो किरकोळ नसतो.

अॅव्हरेजचा बाऊ मात्र फार होतो. रोज ३० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस धरा. एक गाडी लिटरला ६० देते आणि दुसरी ६५, असे समजू. वर्षाचा फरक साडेअकरा लिटर, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. गावात मिस्त्री नसेल तर दोनदा तालुक्याला जाण्यात आणि बुडालेल्या रोजात तेवढे जातातच. इथे स्प्लेंडर वरचढ आहे. तिचे काम येत नाही असा मिस्त्री आम्हाला तरी अजून भेटलेला नाही, आणि जुनी विकतानाही गिऱ्हाईक चटकन मिळते. शाईनचा पेट्रोल पंप टाकीच्या बाहेर बसवलेला असल्याने काढायला सोपा, पण त्यातला जाणकार जवळपास आहे का ते आधी विचारून ठेवावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. नव्या दोन्ही गाड्या त्याला चालतात. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवावे.

शोरूममधली किंमत शाईनची काही हजारांनी कमी आहे. तरी दोन्हीकडून सगळ्या खर्चासह लेखी दर घ्यावा. हप्त्याने घेणार असाल तर व्याजासह एकूण किती भरायचे ते कागदावर लिहून घ्या. आपला ऊस वर्षातून एकदा तुटतो, बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो.

आमच्या त्या सभासदांनी शाईन घेतली. त्यांच्या शेजाऱ्याला रोज दोन कॅन दूध डांबरी रस्त्याने डेअरीला घालायचे असते. गावातच मिस्त्री आहे म्हणून त्याने स्प्लेंडर घेतली, आम्हीही तेच सांगितले होते. दोघांनाही एक गोष्ट अंधारात करून बघायला लावली: गाडीचा दिवा लावून पन्नास पावलांवर उभी असलेली रिकामी ट्रॉली दिसते का. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. तो दुसऱ्या दिवशी चिटबॉयकडून लावून घेतला.