पुंगळीच्या बुडाशी जन्मतारीख

तिकिटं जमवणारे, नाणी जमवणारे, झालंच तर काड्यापेट्यांचे छाप जमवणारे तुमच्या वर्गात असतीलच. पण काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमवणारा कधी पाहिलात? युरोपात असे छांदिष्ट आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडाविरोधी रायफलींच्या पुंगळ्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

रणगाडा फोडायला तोफच हवी, असं तुम्ही म्हणाल. पण ब्रिटिशांनी १९३७ मध्ये त्यासाठी ‘बॉइज’ नावाची एक रायफलच काढली. वजन सुमारे १६ किलो, गोळी ०.५५ इंच जाडीची! पातळ पत्र्याच्या रणगाड्यांपुढे तिचं निभावलं. जाड चिलखताचे रणगाडे आले आणि ती बिचारी हतबल झाली. १९४३ पासून तिची जागा ‘पायट’ नावाच्या शस्त्रानं घेतली.

तिची पुंगळी ओळखायची कशी? बुडाच्या थोडं वर, कमरेला पट्टा बांधावा तसं एक उंच कडं असतं. ते दिसलं की बूड वाचायचं. मधोमध टोपी आणि तिच्याभोवती बारीक अक्षरं. इंग्रजी ‘के’ म्हणजे बर्मिंगहॅमचा काइनॉक कारखाना, ‘४१’ म्हणजे १९४१ साल आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे चिलखत भेदणारी गोळी.

रशियन पुंगळीवर नुसते आकडे. ‘३’ म्हणजे उल्यानोव्स्कचा कारखाना, ‘१८८’ म्हणजे नोव्होसिबिर्स्कचा. दुसरा आकडा सालाचा. इथे मोठमोठे फसतात, बरं का! रशियाचं १४.५ मिलिमीटरचं हे काडतूस युद्धानंतरही मशीनगनसाठी बनत राहिलं. विकणारा ‘स्टालिनग्राडच्या लढाईतली’ म्हणून पैसे मागतो, आणि बुडावर असतं ‘६१’! बरं, ‘४२’ असलं तरी ते पुंगळी बनल्याचं साल. गोळी कधी झाडली, हे ती सांगत नाही.

आता हे कान देऊन ऐका. टोपीवर खळगा असला की काडतूस उडालेलं, असं पुष्कळांना वाटतं. पण पुढे गोळी अजून बसलेली असेल तर? मग घोडा पडूनही न उडालेलं काडतूस असू शकतं, आतली दारू जशीच्या तशी! असं काही सापडलं तर उचलायचं नाही, ठोकायचं तर मुळीच नाही. लांब व्हायचं, मोठ्यांना सांगायचं आणि पोलिसांना बोलवायचं. शिवाय आपल्याकडे जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे.

आणि ‘के’च्या जोडीला ‘एफ’ दिसलं तर? ते बर्मिंगहॅम नव्हे, आपली पुण्याची खडकी! इंग्रज तिला ‘किर्की’ म्हणत. तिथे बनलेल्या साध्या ३०३ रायफलीच्या पुंगळ्यांवर ही दोन अक्षरं असत. कुणाच्या घरी फौजेतल्या पणजोबांची रिकामी पुंगळी शोकेसमध्ये असेल, तर बाबांना ती उलटी करून दाखवायला सांगा.